खुंटीवरच्या बांगड्या

शिक्षकाच्या धंद्यात एक धोका असतो. तीच गोष्ट चार वर्षे वर्गात सांगितली की पाचव्या वर्षी ती आपण प्रत्यक्ष पाहिली आहे असे वाटू लागते, आणि दहाव्या वर्षी तर ती आपणच शोधून काढली असा भास होतो. माझे काचेच्या बाबतीत असे झाले.

मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण दहावीपर्यंत, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक. त्यावर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि कऱ्हाडजवळच्या एका गावी शाळेत चिकटलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. चित्रकलेच्या शिक्षकाला विशेष काम नसते अशी मुख्याध्यापकांची परंपरागत समजूत असल्यामुळे कुणीही रजेवर गेले की त्याचा तास माझ्या गळ्यात पडतो. भूगोल, नागरिकशास्त्र, विज्ञान, सगळे मी थोडेथोडे शिकवले आहे; म्हणजे मुलांनी गलबला करू नये म्हणून गोष्टी सांगितल्या आहेत.

विज्ञानाच्या तासाची माझी एक गोष्ट ठरलेली असे. आमच्या शाळेची मुख्य इमारत इंग्रजी अमदानीतली. तिच्या एका खिडकीला अजून जुनी तावदाने आहेत. त्यांतून बाहेरचा पिंपळ पाहिला तर वारा नसतानाही तो हलतो. डोके जरा इकडेतिकडे केले की त्याचा बुंधा पाण्यात असल्यासारखा वळवळतो. मी मुलांना त्या खिडकीशी उभे करी आणि विचारी, "हे असं का दिसतं?" मुले अर्थातच गप्प. मग मी आवाज खाली आणून सांगे, "कारण काच हा घन पदार्थ नव्हेच. तो एक अतिशय आळशी द्रव आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते आणि तो हळूहळू, कुणाला कळू नये इतका हळू, खाली उतरत राहतो. विलायतेत सातशे-आठशे वर्षांची चर्चं आहेत. त्यांच्या खिडक्यांची तावदानं खाली जाड आणि वर पातळ झालेली आहेत."

मुलांचे डोळे मोठे होत. एखादे पोर हळूच तावदानाला बोट लावून पाही. मास्तराला आणखी काय हवे असते!

ही माहिती मी कुठल्याशा मासिकात, पानाच्या तळाशी जागा भरण्यासाठी छापलेल्या चौकटीत वाचली होती. पुढे ती मी कादंबरीतही घातली. २००७ साली माझी पहिली कादंबरी निघाली. तिच्या शेवटच्या पानावर एक म्हातारी विधवा वाड्याच्या खिडकीशी बसून तावदानावरून हात फिरवते. खालच्या कडेला तिला काच जाड लागते आणि ती मनाशी म्हणते, की काचेलासुद्धा इतकी वर्षे ताठ उभे राहवत नाही. हे वाक्य लोकांना फार आवडले. एका लग्नाच्या पंगतीत एका अनोळखी बाईंनी ते मला म्हणून दाखवले, तेव्हा माझ्या पानातला जिलबीचा पाक वाटीबाहेर वाहिला तरी मला कळले नाही.

२००९ सालचा पावसाळा असेल. आठवीचा वर्ग, विज्ञानाचे मास्तर रजेवर, आणि माझी गोष्ट रंगात आलेली. इतक्यात मागच्या बाकावरून कासाराचा मुलगा उभा राहिला. बाजारपेठेत त्याच्या वडिलांचे बांगड्यांचे छोटेसे दुकान होते.

"सर," तो म्हणाला, "आमच्या दुकानात बांगड्या खुंटीला टांगलेल्या असतात. काही तर आजोबांच्या वेळच्या आहेत. काच खाली ओढली जाते तर त्या लांबट व्हायला पाहिजेत ना? पण त्या गोलच आहेत."

माझ्या साऱ्या नोकरीत इतका चांगला प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. पण तो चांगला आहे हे कळायला जे लागते ते माझ्यापाशी त्या वेळी नव्हते. मी म्हणालो, "चाळीस वर्षांत काय होणार? तीनशे वर्षं थांब."

वर्ग हसला. तिथे थांबलो असतो तरी पुष्कळ होते. पण वर्गाचे हसणे मास्तराच्या डोक्यात फार लवकर चढते. मी पुढे म्हणालो, "कासारानं बांगड्या भराव्यात. आम्हाला विज्ञान शिकवू नये."

आता वर्ग बाके बडवून हसला. तो खाली बसला. दहावी होईपर्यंत त्याने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. हे मला त्या वेळी दिसलेही नाही. 'शांत मुलगा' अशी मनाशी नोंद करून मी मोकळा झालो.

यात लाजेची गोष्ट आणखी एक आहे. आमच्या भागाला काच काही परकी नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला. पुढे १९१६ साली ओगल्यांनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले, आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांतून लागला. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारे होते. तरुणपणी त्यांनी लोखंडी फुंकणीवर काच फुंकली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून ते आम्हा पोरांना रिकाम्या हातांनी सगळे करून दाखवीत. फुंकणीच्या टोकाला काचेचा लाल गोळा घ्यायचा आणि फुंकणी दोन्ही तळहातांत सारखी फिरवत राहायची. "हात थांबला की काच गळली," ते म्हणत. फुंकणी फिरत असली म्हणजे पृथ्वीची ओढ गोळ्याच्या एकाच अंगाला लागत नाही. क्षणापूर्वी जी बाजू खाली होती ती वर येते आणि गोळा मध्यावर राहतो. लांब मान हवी असली तर फुंकणीचे टोक खाली करायचे. काच आपल्या वजनाने आपण होऊन उतरते. थंड झालेल्या काचेची मात्र त्यांनी कधी काही हकिकत सांगितली नाही. तिच्यात सांगण्यासारखे काही घडतच नसावे. हे सारे मला ठाऊक होते, आणि तरी चौकटीतली चार ओळींची बातमी मला अधिक खरी वाटली. छापलेल्या शब्दाला माझ्यासारखे अर्धवट शिकलेले लोक फार भितात.

२०२४ च्या दिवाळीत दारात एक तरुण उभा राहिला. हातात मिठाईचा पुडा. पायांवर वाकला तेव्हा मी ओळखले. कासाराचा मुलगा. दहावीनंतर त्याने पदविका केली होती आणि खिडक्यांची सपाट काच करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तो नोकरीला होता. काच हा शब्द ऐकून माझ्या पोटात जरा हलले. त्याने मात्र जुना विषय काढला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "सर, एकदा भट्टी बघायला या. तुम्ही लिहिता, तुम्हाला आवडेल."

जानेवारीत मी गेलो. त्याने वरिष्ठांची परवानगी काढून ठेवली होती. डोक्यावर टोप, डोळ्यांवर चष्मा, पायांत जड बूट असा वेष करून मी त्याच्या मागोमाग निघालो. भट्टीच्या एका झरोक्यापुढे त्याने काळी काच धरली आणि म्हणाला, "बघा." आत नुसता उजेड होता. वाळू, सोडा, चुनखडी आणि फुटकी काच पंधराशे अंशांच्या वर वितळून तिथे तळे झाले होते. ही भट्टी एकदा पेटली की दहा-पंधरा वर्षे अहोरात्र जळते, असे तो म्हणाला. फुटकी काच घातली की बाकीचा माल लवकर वितळतो, हेही त्याने सांगितले. "आमच्या घरी काच फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात," तो हसून म्हणाला. "इथं ती खरंच वाढते."

मग त्याने मला ती जागा दाखवली जिच्यासाठी त्याने बोलावले होते. तिथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. एक लांबलचक बंद पेटी होती. पण आत काय चालले आहे हे तो सांगू लागला तेव्हा माझे पाय हलेनात. त्या पेटीत वितळलेल्या कथलाचे उथळ कुंड असते. सुमारे हजार अंशांची पातळ काच त्या कथलावर सोडतात. कथील जड आणि काच हलकी, म्हणून काच तरंगते. वरून पृथ्वीची ओढ तिला पसरवते, आणि काचेचा स्वतःचा पृष्ठताण तिला गोळा करू पाहतो. दोघांचे बळ जिथे सारखे होते तिथे काच थांबते. कुणी काही केले नाही तर तिची जाडी आपोआप सहा-सात मिलिमीटर होते. त्याहून पातळ हवी तर पुढे ओढून घ्यायची. खालची बाजू कथलाने सपाट केलेली, वरची बाजू पृथ्वीने सपाट केलेली. पूर्वी अशी सपाट काच मिळवायला दोन्ही अंगांनी घासून घासून झिलई द्यावी लागे. इंग्लंडात अॅलस्टेर पिल्किंग्टन यांना १९५२ साली ही युक्ती सुचली. ती जमून जगापुढे यायला १९५९ साल उजाडले. सात वर्षे ते काचेला पृथ्वीच्या स्वाधीन करायला शिकत होते म्हणा ना.

पेटीच्या पलीकडच्या तोंडातून काच बाहेर येत होती. सहाशे अंशांवर आलेली, घट्ट झालेली, पाण्यासारखी स्वच्छ पट्टी न संपता पुढे सरकत होती. ती एका लांब बोगद्यात शिरे आणि तिथे सावकाश निवे. घाईने निवली तर तिच्या पोटात ताण राहतो आणि ती पुढे तडकते.

मी बराच वेळ पाहत राहिलो. शेवटी न राहवून विचारले, "मग खिडकीतली काच वाहते की नाही?"

तो लगेच बोलला नाही. सोळा वर्षांनी मी तोच प्रश्न त्याला विचारत होतो. मग हळूच म्हणाला, "सर, ओढ तीच असते. इथं कुंडातही तीच आणि तुमच्या खिडकीतही तीच. काच ती ओढ ऐकते की नाही, एवढाच प्रश्न. हजार अंशांवर ती काकवीसारखी असते, सगळं ऐकते. साडेपाचशेच्या खाली आली की घट्ट होते. नंतर पृथ्वीनं कितीही ओढलं तरी तिला ऐकू जात नाही."

रात्री त्याच्या खोलीवर त्याने मला पुढची हकिकत सांगितली. ब्राझीलमधले एदगार झानोत्तो यांनी १९९८ साली हिशेब मांडून दाखवला, की चर्चच्या खिडकीतली काच डोळ्यांना दिसण्याइतकी ओघळायला विश्वाच्या वयाहूनही अधिक काळ लागेल. २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेच्या घडणीची काच तयार करून पुन्हा मोजमाप केले. उत्तर आले, की शंभर कोटी वर्षांत ती फार तर एक नॅनोमीटर सरकेल, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण लाखाव्या हिश्शाइतकी. मग जुनी तावदाने एका कडेला जाड का? कारण ती तशीच जन्मली. जुने कारागीर काचेचा फुगा उघडून, गरागरा फिरवून त्याची तबकडी करीत आणि तिचे तुकडे कापीत. कुठे जाड, कुठे पातळ असे ते तुकडे असत, आणि बसवणारा सुतार जाड कड बहुधा खाली ठेवी. पृथ्वीच्या ओढीने काच घडली हे खरे, पण ते पहिल्या काही मिनिटांत. पुढची सातशे वर्षे ती नुसती उभी आहे.

त्याने मला आभाळातलीही एक गोष्ट सांगितली. काही विशिष्ट धातूंच्या फ्लोराइडांपासून एक काच करतात, तिला झेडब्लॅन म्हणतात. तिचे तंतू इथे ओढताना आत बारीक स्फटिक धरतात आणि काच डागाळते. पृथ्वीची ओढ हे त्याचे एक कारण मानतात. म्हणून २०२४ साली अंतराळ स्थानकावर, जिथे सारे तरंगत असते, असा अकरा किलोमीटरांहून अधिक तंतू ओढून पाहिला. मी विचारले, "तिथं फुंकणी फिरवावी लागत नसेल?" तो म्हणाला, "नाही सर. तिथं काच कुठंच गळत नाही. नुसती सोडली तर ती आपली आपण गोल होईल." मला एकदम लोणार आठवले. तिथे उल्का आदळली तेव्हा खडक वितळून त्याचे थेंब हवेत उडाले आणि काचेचे बारीक गोळे होऊन खाली पडले. उडत असेपर्यंत त्यांच्यावर कुणाचा हात नव्हता.

दिवा मालवल्यावर मी अंधारात म्हणालो, "त्या दिवशी मी वर्गात तुला जे बोललो, ते चुकीचं होतं. काचेबद्दलचं तर चुकीचं होतंच. मी दुसऱ्या वाक्याबद्दल म्हणतोय."

तेरा वर्षांच्या मुलाला सगळे ऐकू जाते. कुंडावरच्या काचेसारखे त्याच्यावर जे सोडावे त्याची जाडी ठरून जाते आणि मग सोडणारा विसरतो. मी विसरलो होतो. तो विसरला असेल अशी वेडी आशा मला त्या क्षणी होती.

"आठवतंय सर," तो म्हणाला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी रडत घरी गेलो होतो. बाबांना सांगितलं. दुसरं वाक्य नाही सांगितलं, पहिलंच सांगितलं. बाबा म्हणाले, गुरुजी म्हणतात तर असेल, बघू या. त्यांनी हिरव्या बांगड्यांचा एक जुडगा दोरीला बांधून खुंटीला लावला. म्हणाले, हा विकायचा नाही, हा तुझ्या गुरुजींचा. अजून तिथंच आहे."

मला त्या रात्री झोप लागली नाही.

गावी परत आल्यावर पहिली गोष्ट मी ही केली, की शाळेतल्या त्या खिडकीचे एक सैल झालेले तावदान शिपायाच्या मदतीने काढले आणि प्रयोगशाळेतला स्क्रू गेज त्याला लावला. वीस वर्षे मी त्या तावदानाच्या जोरावर मुलांचे डोळे मोठे केले होते, पण ते कधी मोजले नव्हते. एक कड जाड होती खरी. ती वरची होती.

दुसऱ्या दिवशी मी बाजारपेठेत गेलो. कासार आता थकले आहेत. मला पाहून ते उठले, गादी झटकली. "बसा की गुरुजी. लई दिसांनी!" मागच्या भिंतीला, देवाच्या तसबिरीशेजारी, धुळीने राखाडी झालेला तो जुडगा लोंबत होता. मी तो काढून द्यायला सांगितले. त्यांनी अंगरख्याच्या बाहीने धूळ पुसली, तसा हिरवा रंग वर आला.

मी चित्रकलेचा मास्तर. मला एवढेच येते. झोळीतून कागद काढला. वरची बांगडी घेतली. दोरी जिथे टेकत होती तिथे धुळीत बारीकशी रेघ राहिली होती, ती बाजू वर ठेवून अणकुचीदार पेन्सिलीने बांगडीभोवती वर्तुळ काढले. मग बांगडी पाव फिरवली, रेघ उजव्या हाताला आणली, आणि त्याच वर्तुळावर ठेवून पुन्हा पेन्सिल फिरवली. बांगडी लांबट झालेली असती तर दोन रेघा निराळ्या पडल्या असत्या. रेघेवर रेघ बसली. दुसरी, तिसरी, चौथी बांगडी घेतली. प्रत्येक वेळी कागदावर एकच वर्तुळ उमटले.

कासार चष्मा पुढे करून पाहत होते. "काय झालं गुरुजी? लांबल्या का?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या मुलाचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मुळीच दिसेना. मला वाटते, गुरुजींचे चुकले याचे त्यांना थोडे वाईटच वाटले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मग आता ह्यो माल इकू का? सोळा वर्सं अडकून पडलाय."

मी तो सगळा जुडगा विकत घेतला. त्यांतल्या बांगड्या आता माझ्या वर्गाच्या खुंटीला आहेत. कागदावरचे वर्तुळ त्यांच्याशेजारी लावले आहे. विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले की मी मुलांना खिडकीशी उभे करतो, पिंपळ दाखवतो, जुनी गोष्ट आहे तशीच सांगतो, आणि शेवटी विचारतो, "यात चूक काय आहे?" खुंटीकडे बोट दाखवत नाही. काही वर्गांत कुणालाच सापडत नाही. यंदा सातवीतल्या एका मुलीला सापडली.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. शेवटच्या पानावरचे ते वाक्य मी मुद्रितांत लाल शाईने खोडले. त्या जागी काय घालावे हे मला अजून सुचलेले नाही. म्हातारी खिडकीशी बसली आहे, तिने तावदानावर हात ठेवला आहे, आणि प्रकाशक रोज फोन करतात.